एक्केचाळीस पूर्णांक सदतीस

काचेत प्रकाश रिकाम्या जागेपेक्षा हळू चालतो. किती हळू, ते यंत्राला आधी सांगावं लागतं. यंत्र विश्वास ठेवतं.

*

तर्फास म्हणजे वाळवंटातली भूछत्रं, जमिनीखाली वाढणारी, बटाट्यासारखी. ती कुठे सापडली हे बाप मुलाला मरताना सांगतो, आणि तेही नीट सांगत नाही.

*

झेनहोम अंतर सिगारेटींत मोजतो. मत्रूहहून सीदी बर्रानी नऊ सिगारेटी, रस्त्यावर उंट नसतील तर.

*

रबराची कडी. काळी, बांगडीएवढी. जोडाची पेटी दर वेळी उघडली की कडी नवी घालायची असते.

*

रकाना ७. कसूर कोणाची? (रिकामा ठेवू नये.)

*

त्या दिवशी सकाळी सव्वाआठला मत्रूहच्या तारकेंद्रावरून पश्चिमेला जाणारी तार मेली.

तार म्हणजे काचेची. केसाएवढ्या अठ्ठेचाळीस काचा, काळ्या वेष्टनात, वाळूखाली हातभर खोल, रस्त्याच्या कडेकडेने थेट सीमेपर्यंत. वग्दी चोवीस वर्षं या काचांची नाडी बघत होता. अलेक्झांड्रियाचा माणूस, बावन्न वर्षांचा, पोटाचा नाजूक, स्वभावाने संशयी. बायको म्हणायची, हा माणूस पाव घेतला तरी उलटून बघतो. त्याचं म्हणणं असं की माणसं खोटं बोलतात, काच बोलत नाही.

त्याने यंत्र लावलं. यंत्राचं काम साधं. तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. तार जिथे तुटली असेल तिथे तो आपटतो आणि थोडासा मागे येतो. जायला-यायला किती वेळ लागला तो मोजायचा, निम्मा करायचा, काचेतल्या वेगाने गुणायचा. संपलं. दुसऱ्याच्या विहिरीत दगड टाकून खोली ओळखावी तसं.

चारशे पाच मायक्रोसेकंद, असं यंत्र म्हणालं. खाली, मोठ्या अक्षरांत: ४१.३७ किमी.

वग्दीने आकडा वाचला आणि त्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला. आकड्याला चेहरा असतो, या रस्त्यावर तरी असतो. कारण जमीन औलाद अली टोळीची, आणि ज्या घराण्याच्या जमिनीतून तार जाते त्याच घराण्यातला राखणदार ठेवायचा, हा इथला रिवाज. कंपनीने तो निमूट मान्य केलेला. किलोमीटरच्या दगडांवरून हद्दी पाडलेल्या. एक्केचाळीस ते सत्तेचाळीस मिफ्ताहची.

हद्दीच्या आत फक्त तीनशे सत्तर मीटर. पण आत.

४०५ मायक्रोसेकंद

"परत कापली?" कैरोच्या कचेरीतून सफीनाझ फोनवर विचारत होती. ती हिशेबी बाई, आवाज नेहमी आत्ताच जिना चढून आल्यासारखा. "महिन्यात तिसरी, उस्ताझ वग्दी. तांबं समजून कापतात आणि काच दिसली की शिव्या घालतात. या वेळी नाव जाणार पोलीस ठाण्यात. राखणदार काढायचा, घराण्याचा हक्क रद्द, आणि तक्रार."

"अजून खड्डा खणलेला नाही, बाई."

"खणा. मी कागद तयार ठेवते. नाव घातलंय. तुमचा शब्द आला की पाठवते. चारपर्यंत थांबते, बस?"

वग्दीला मिफ्ताहबद्दल वाईट वाटलं नाही. चांगलंही वाटलं नाही. हक्क रद्द म्हणजे काय ते मात्र त्याला ठाऊक होतं: मिफ्ताहच्या घरातली सहा माणसं त्या एका नेमणुकीवर जगत होती, आणि एकदा घराण्याचं नाव ठाण्याच्या वहीत गेलं की या रस्त्यावर त्या घरातल्या कोणालाच कोणी राखण देत नाही.

गाडी चालवता चालवता झेनहोम म्हणाला, "मिफ्ताह? तो तर मला दर वेळी चहा पाजतो."

"चहा पाजतो म्हणूनच," वग्दी म्हणाला.

"रय्यिस, तुम्हाला चहा पाजला तरी पंचाईत, नाही पाजला तरी पंचाईत."

"दर वेळी कोण पाजतो? कशासाठी?"

झेनहोमने आरशात बघितलं. वग्दीला वाटलं, हा मला बघतोय. मग वाटलं, झेनहोम कैरोचा, त्याला इथे कैरोच्या कचेरीने पाठवलं. तो तिकडे काय काय सांगत असेल?

रकाना १. ठिकाण: ४१.३७
रकाना २. जमिनीची स्थिती:

एक्केचाळिसाव्या दगडाच्या पुढे चाकाने तीनशे सत्तर मीटर मोजून झेनहोमने खूण केली. आणि तिथे उभं राहून वग्दीने पलीकडे बघितलं तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्यापासून चाळीसेक पावलांवर जमीन उकरलेली होती. एका जागी नाही, सहा-सात जागी. माती ओली, वरची बाजू अजून गडद. कालची किंवा आजची.

मिफ्ताह टेकाडावरून चालत आला. चाळिशीचा, उंच, अंगात पांढरा झगा आणि त्यावर लष्करी कोट, पायात प्लास्टिकच्या चपला. सलाम झाला, घरच्यांची विचारपूस झाली, वग्दीच्या पोटाची विचारपूस झाली. मग वग्दी म्हणाला, "शेख मिफ्ताह, तार तुटली आहे. इथे."

"इथे नाही."

"यंत्र म्हणतं इथे."

"यंत्र काल रात्री इथे झोपलं होतं का? मी झोपलो होतो."

"मग ती माती कोणी उकरली?"

मिफ्ताहने वळून बघितलंसुद्धा नाही. "कोल्ह्याने."

"कोल्हा फावडं कधीपासून वापरायला लागला?"

"या वर्षी पाऊस बरा झाला," मिफ्ताह म्हणाला. जणू काही हे उत्तर होतं.

झेनहोमने कुदळ घातली. मिफ्ताह दगडावर बसून बघत राहिला. वग्दी म्हणाला, हात लाव जरा. तो म्हणाला, "मी खोदलं तर उद्या म्हणशील खुणा पुसल्या."

दीड तास गेला. तार लागली. काळी, ओलसर, सापासारखी स्वस्थ. झेनहोमने दोन्हीकडे तीन-तीन मीटर मोकळी केली. ओरखडा नाही.

दुसऱ्या कोणाला हे बघून हायसं वाटलं असतं. वग्दीचा संशय बळावला. माणूस खोटं लपवताना असंच करतो, त्याला वाटलं, आपण बघणार ती जागा स्वच्छ ठेवतो. यंत्र दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतं कधीकधी. आणि चाळीस पावलांवर ती माती.

त्याने साडेअकराला सफीनाझला फोन केला. खड्ड्यात काही नाही म्हणाला. आणि मग, विचारलं नसताना, "पण जवळच ताजी उकरलेली माती आहे. राखणदार सांगत नाही कसली."

"सांगत नाही?" पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "बरं. चारपर्यंत थांबतेच आहे मी."

(मातीबद्दल, एकदाच)

मिफ्ताहने मोठ्या मुलालाही सांगितलेलं नव्हतं. पहाटे बायकोबरोबर जायचा, तर्फासच्या टोपलीवर कापड टाकून यायचा. तुरुंगात जाईन पण जागा सांगणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलेलं नव्हतं. असं ठरवावं लागतं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. हे वग्दीला माहीत नव्हतं. कधी माहीत झालंही नाही.

चहा

पहिला ग्लास काळा आणि कडू, दुसरा गोड. मिफ्ताहने काटक्यांवर किटली ठेवली आणि तिघे गाडीच्या सावलीत बसले. झेनहोमने कागदातून फूलच्या, म्हणजे उकडलेल्या वालाच्या, सँडविचा काढल्या आणि एक मिफ्ताहपुढे धरली. मिफ्ताहने घेतली. वग्दीने चहा घेतला, पण आधी त्या दोघांनी पिईपर्यंत थांबला.

"भितोस का?" मिफ्ताह हसला. "विष असतं तर झेनहोमला कशाला दिलं असतं? तुझ्यामागे रडायला, गाडी परत न्यायला कोण उरलं असतं?"

"मी रडणार नाही," झेनहोम तोंड भरलेलं असताना म्हणाला. "माझी रजा शिल्लक आहे."

वग्दी हसला नाही. "चार वाजता तुझं नाव ठाण्यात जाणार आहे, मिफ्ताह. मला सांग ती माती कसली. मी काहीतरी करीन."

"तू करशील," मिफ्ताह म्हणाला. किटलीवरचा फेस त्याने फुंकून बाजूला सारला. "माझे वडील टोळीच्या निवाड्यात बसायचे. साक्षीदार आला की आधी त्याला भलतंच काही विचारायचे. तुझ्या तंबूला खांब किती, तुझ्या विहिरीला पायऱ्या किती. सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्यात चुकला तर पुढचं ऐकायचेच नाहीत. तू चोवीस वर्षं त्या डब्यावर विश्वास ठेवतोस. त्याला कधी काही विचारलंस?"

"यंत्राला काय विचारायचं?"

"तुला माहीत आहे ते."

वग्दीने खांदे उडवले. पण यंत्र मांडीवर घेतलं, ते केवळ हा माणूस गप्प बसावा म्हणून. सकाळची मोजणी आत साठवलेली होती: एक रेघ, डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी, आणि जिथे जिथे जोड तिथे तिथे एक बारीक पायरी. या पायऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. पेट्रोल पंपासमोरचा जोड: १९.२०. पंप हलत नाही. जोड त्याने स्वतः पाचदा उघडलेला.

त्याने पट्टी सरकवून पायरीवर आणली.

१९.६६.

त्याने परत आणली. १९.६६.

"काय म्हणतोय साक्षीदार?" मिफ्ताहने विचारलं.

"थांब."

"खांब चुकला वाटतं."

"थांब म्हणतोय ना!"

१.५०३०

आता थोडं मागे जावं लागेल, अकरा वर्षं.

तार टाकताना प्रत्येक चेंबरात, म्हणजे रस्त्याकडेच्या झाकणाच्या खड्ड्यात, काही मीटर जास्तीची वळी करून ठेवतात, पुढे दुरुस्तीला लागेल म्हणून. त्यामुळे काच रस्त्यापेक्षा लांब असते. यंत्र काचेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. खरी रीत अशी की तक्ता काढायचा, तोपर्यंतच्या वळ्या मोजायच्या, वजा करायच्या, मग दगड गाठायचा. उन्हात उभं राहून हे करताना वग्दी एकदा वैतागला आणि त्याला एक युक्ती सुचली. काचेचा खरा आकडा, पुस्तकात अपवर्तनांक म्हणतात तो, १.४६८०. वग्दीने यंत्राला सांगितलं १.५०३०. म्हणजे प्रकाश आहे त्याहून आळशी आहे अशी थाप मारली. आळशी प्रकाश तेवढ्याच वेळात कमी चालणार. किलोमीटर आपोआप आखडले आणि रस्त्याच्या दगडांशी जुळले. तक्ता नको, वजाबाकी नको. यंत्र म्हणेल बत्तीस, तर बत्तिसाव्या दगडाशी खणा.

अकरा वर्षं चुकलं नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी तरी म्हणालं असतं, काचेतल्या प्रकाशाचा वेग तू कोण ठरवणार?

मागच्या आठवड्यात यंत्र कैरोला तपासणीला जाऊन आलं होतं. त्याने आता आकड्याचा रकाना उघडला. १.४६८०. तिथे कोणीतरी, काम चोख करणाऱ्या कोणीतरी, खरा आकडा घातला होता.

यंत्र आज सकाळी अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललं, आणि वग्दी ते जुन्या सवयीने ऐकून मिफ्ताहच्या दारात आला.

त्याने आकडा बदलला. रेघ तीच, पायऱ्या त्याच, ठोक्याला लागलेला वेळ तोच, चारशे पाच मायक्रोसेकंद. पंप जागेवर आला: १९.२०. आणि रेघेचं टोक, जिथे प्रकाश आपटून परतत होता:

४०.४१.

एक्केचाळिसाव्या दगडाच्या अलीकडे. मिफ्ताहच्या हद्दीबाहेर.

वग्दीला हायसं वाटायला हवं होतं. पण चाळीस पूर्णांक एक्केचाळीसला काय आहे ते त्याला न पाहताच कळलं. रस्त्याखालच्या मोरीजवळचं चेंबर. त्यात एक जोड. तीन हिवाळ्यांपूर्वी, धो धो पावसात, त्याने केलेला. कडी नवी घातली होती का? आठवेना. आठवत नाही हे त्याला फार सोयीचं वाटलं, आणि म्हणूनच ते खरं वाटेना. दुसऱ्यावर घ्यायचा तो संशय तो आता स्वतःवर घेऊ लागला. सराव होताच.

रकाना ३. दोषाचं कारण: तार कापली

"चला," तो म्हणाला. "थोडं मागे."

"मी येतो," मिफ्ताह म्हणाला, आणि कोणी हो म्हणायच्या आत मधल्या जागेवर बसला.

"किती लांब?" झेनहोमने विचारलं.

"किलोमीटरभर."

"म्हणजे सिगारेट पेटवायचीसुद्धा नाही."

चेंबरचं झाकण तिघांनी मिळून सरकवलं. आत खारं पाणी, गुडघाभर. जोडाची पेटी भिंतीवरच्या हुकाला लटकलेली असायला हवी होती. ती तळाशी पडली होती. वग्दी उतरला. पेटी उचलली तर कडेने धार लागली. पाणी आत शिरत गेलं, पेटी जड होत गेली, आज सकाळी सव्वाआठला हुकावरून निसटली, आणि पडताना तिने आतल्या काचा ओढून मोडल्या. कोणी कापलं नव्हतं. कोणी आलंच नव्हतं.

कडी त्याने बोटाने काढली. चिरा पडलेली, जुनी. दोनदा वापरलेली कडी हाताला लगेच कळते.

पेटीवर पत्र्याची चिठ्ठी होती. तारीख, आणि खाली सही.

वर मिफ्ताह चेंबरच्या काठावर ओणवा होऊन वाचत होता. त्याला वाचता येतं हे वग्दीला आजवर माहीत नव्हतं.

"हे तुझं नाव."



मिफ्ताह उठून मोरीकडे गेला, तेव्हा झेनहोम काठावर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "रय्यिस, पत्र्याची चिठ्ठी आहे. सुटते कधीकधी. पाण्यात पडते."

वग्दीने वर बघितलं. हा मला वाचवतोय की जोखतोय? चिठ्ठी सुटली असं उद्या कैरोला सांगणारा पहिला माणूस हाच तर नसेल? चोवीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ सल्ला त्याला कोणी दिला नव्हता. चिठ्ठी काढायची. दोन काचा कात्रीने सरळ कापायच्या. मग एक्केचाळीस काय आणि चाळीस काय, कोण बघतंय. निवृत्तीला आठ वर्षं.

अंगठा चिठ्ठीवर होता. चिठ्ठी बांधलेली तारही बारीकच होती.

"तो बघून घेईल," झेनहोम पुढे म्हणाला. "या बदू टोळीवाल्यांचं कायम कोणीतरी असतं ओळखीचं."

"त्याचं कोण आहे?"

"मला काय माहीत. असेल."

वग्दीने अंगठा काढला. पेटी काठावर ठेवली, सही वर दिसेल अशी, आणि म्हणाला, "हात दे."

फोन, दोन वाजून दहा मिनिटं

"रकाना सात?" सफीनाझ म्हणाली.

"माझं नाव घाला."

"ऐकू आलं नाही."

"वग्दी. माझा जोड होता. कडी जुनी वापरली, पाणी शिरलं."

मग ती सावकाश म्हणाली, "तो तुमच्या शेजारी उभा आहे का?"

"आहे."

"काही हातात आहे त्याच्या?"

वग्दीने बघितलं. "चहाचा ग्लास."

"लांब जाऊन बोला."

तो वीस पावलं गेला. मिफ्ताह त्याला जाताना बघत होता, हे त्याला पाठीत कळलं.

"आता सांगा, उस्ताझ वग्दी. न भिता."

"तेच सांगतो. चाळीस पूर्णांक एक्केचाळीस. माझा जोड."

"सकाळी तुम्हीच एक्केचाळीस सदतीस म्हणालात."

मग त्याला युक्ती सांगावी लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, ओरडून. काच, वळी, दगड, आळशी प्रकाश, सगळं.

"म्हणजे अकरा वर्षांचे सगळे अहवाल खोट्या आकड्यावर?"

"जागा बरोबर होत्या, बाई. आकडा खोटा होता."

"आणि आज आकडा बरोबर होता."

"हो."

"हे लेखी द्याल?"

"देईन."

"ठीक आहे," ती म्हणाली. "त्याची तक्रार माझ्यासमोरच आहे. फाडते." कागद फाटल्याचा आवाज आला. स्वच्छ आला. जरा जास्तच स्वच्छ, असं वग्दीला वाटलं, पण त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी वाटायचंच.

रकाना ७. ~~मिफ्ताह~~ वग्दी

"लांब जाऊन काय बोललास?" मिफ्ताहने विचारलं.

"तुझं नाव काढलं."

"जवळ उभं राहून नाही काढता आलं?"

"तिनेच सांगितलं लांब जायला."

"का?"

"तिला वाटलं तू मला मारशील."

मिफ्ताहने हातातल्या ग्लासाकडे बघितलं, मग वग्दीकडे. "माणूस उगाच स्वतःचं नाव घालत नाही. तुझा यात काय डाव आहे?"

"डाव नाही."

"असतोच. मला दिसला नाही एवढंच." त्याने कोटाच्या खिशातून सिगारेटचं रिकामं पाकीट काढलं, उसवून पसरलं आणि वग्दीच्या हातात पेन दिलं. "लिही. ठिकाण लिही, तुझं नाव लिही, माझं नाव यात नाही असं लिही."

"तुझं नाव यात नाही असं लिहायचं तर तुझं नाव लिहावं लागेल."

"लिही. पण नीट."

वग्दीने गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं. मिफ्ताहने ते दोनदा वाचलं, झेनहोमला वाचायला लावलं, त्याची सही घेतली. झेनहोम कुरकुरला, मी ड्रायव्हर माणूस, माझ्या सहीला कोण विचारतो. "म्हणूनच," मिफ्ताह म्हणाला, "तुला खोटं बोलायचं कारण नाही." घडी घालून त्याने पाकीट छातीच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

"आता तरी सांग," वग्दी म्हणाला. "माती कसली?"

"कोल्ह्याची."

वग्दी परत चेंबरात उतरला. पाणी उपसलं, काचा एकेक करून पुसल्या, छाटल्या, जोडल्या. अठ्ठेचाळीस. मिफ्ताह शेवटपर्यंत काठावर बसून राहिला आणि प्रत्येक काच मोजत राहिला, मदत म्हणून की पहारा म्हणून, ते वग्दीला कळलं नाही. नवी कडी घालताना वग्दीने ती हात उंच करून त्याला दाखवली. मिफ्ताहने मान हलवली. सहा वाजायला थोडं कमी असताना तार जिवंत झाली. वग्दीने अहवालावर सही केली आणि सातव्या रकान्याचा फोटो काढून मिफ्ताहच्या फोनवर पाठवला.

मिफ्ताहच्या नावाची तक्रार दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनीच ठाण्याच्या वहीत चढली होती.